मुंबई, नागपूर आणि आपला बुडालेला रोज



आपल्या राज्याची राजधानी कोणती, असं बचत गटाच्या बैठकीत विचारलं तर सगळ्याजणी एका सुरात सांगतील, मुंबई. आणि उपराजधानी? नागपूर. शाळेत पाठ केलेलं उत्तर आहे ते, कुणी विसरत नाही. पण दोन राजधान्या कशासाठी, त्या कुणी ठरवल्या, दरवर्षी थंडीत सरकार सामानसुमान घेऊन नागपूरला का जातं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. टीव्हीवर मोर्चे दिसतात, आमदारांचे घोळके दिसतात, चार दिवसांत ते चित्र संपतं.

आजच्या भाषणात या दोन शहरांची तुलना करायची आहे, ती दोन गोष्टींवरून. एक हवा आणि दुसरी तिकीट. कुठे ऊन किती, पाऊस किती, थंडी किती. आणि तिथे पोचायला खर्च किती, वेळ किती. प्रवासाला निघताना आपण घरात हेच दोन प्रश्न विचारतो ना? स्वेटर घ्यायचा का, आणि भाडं किती पडेल? राज्याच्या इतिहासालाही हेच दोन प्रश्न विचारून बघू.

राजधानी हलते तेव्हा

राजधानी हलवण्याची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट आपल्याच मातीतली आहे. इ. स. १३२७ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने देवगिरीला आपली राजधानी करायचं ठरवलं आणि तिचं नाव ठेवलं दौलताबाद. आज छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना जो किल्ला दिसतो, तोच. सुलतानाचा हिशेब अगदीच वेडेपणाचा नव्हता. दक्षिणेकडचा मुलूख नव्याने हाती आला होता आणि दिल्लीत बसून तो सांभाळणं अवघड होतं. रस्त्याची तयारीही त्याने केली होती. इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी त्या काळात दिल्लीला होता. त्याने लिहून ठेवलंय, की दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट आहे आणि दोन्ही बाजूंना झाडं लावलेली आहेत.

चाळीस दिवस! सुलतान हत्ती-घोड्यावरून गेला असेल. पण सुलतानामागे दिल्लीतली कुटुंबं हलवली गेली, त्यांत म्हातारी माणसं होती, बाळंतिणी होत्या, तान्ही मुलं होती. झाडांची सावली होती, तरी चाळीस दिवसांची पायपीट ती पायपीटच. आणि दौलताबादला पोचल्यावर तिथलं पाणी इतक्या माणसांना पुरेना. थोड्याच वर्षांत राजधानी पुन्हा दिल्लीला नेली गेली. आजही एखाद्या साहेबाने मनात येईल तसा हुकूम काढला, की आपण त्याला ‘तुघलकी कारभार’ म्हणतो. या गोष्टीतून एक बाब ध्यानात ठेवू. राजधानी कुठे असावी हे ठरवतो राजा, पण वाटेचा खर्च भरते रयत.

इंग्रजांनी हाच खेळ हवेसाठी खेळला. कलकत्त्याचा उन्हाळा आणि दमट घाम त्यांना सोसेना, म्हणून १८६४ पासून सगळं हिंदुस्थान सरकार उन्हाळ्यात हिमालयातल्या शिमल्याला जाऊ लागलं. कालका ते शिमला रेल्वे झाली १९०३ साली. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं साहेबांची कपाटं, कागदपत्रं, पेट्या डोंगर चढून गेल्या त्या खेचरांच्या, बैलगाड्यांच्या आणि पहाडी हमालांच्या पाठीवरून. जम्मू-काश्मीरच्या महाराजांनीही १८७२ पासून थंडीत जम्मू आणि उन्हाळ्यात श्रीनगर असा दरबार हलवायची रीत सुरू केली.

आपल्याकडेही तेच होतं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. आज पुणे विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे ना, ते मूळचं गव्हर्नरसाहेबांचं पावसाळी घर. आणि नागपूरचे साहेब? ते उन्हाळ्यात सातपुड्यातल्या पचमढीला जात. म्हणजे साहेबाला जिथे गार वाटेल तिथे राज्य. रयतेने अर्ज घेऊन त्याच्या मागे डोंगर चढायचा.

नागपूरची राजधानी गेली कशी

नागपूर ही काही काल-परवाची उपराजधानी नाही. भोसल्यांची ती राजधानी होती. गादीला वारस नाही असं कारण दाखवून इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत करून नागपूर त्याची राजधानी केली. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याला जोडलं गेलं. सचिवालय नागपूरला, कायदेमंडळ नागपूरला, १९३६ पासून स्वतःचं हायकोर्टही नागपूरला. आपल्यासाठी आणखी एक अभिमानाची गोष्ट. १९३७ नंतर या मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्षपदावर एक बाई होत्या, अनसूयाबाई काळे. पुढे १९५२ मध्ये त्या नागपूरहून लोकसभेवरही निवडून गेल्या.

त्या काळात वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला मुंबई ही सरकारी कामाची जागा नव्हतीच. मुंबईशी नातं होतं ते कापसाचं. त्याआधी तर तेही नव्हतं. इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, आणि मग कापसाने तोंड फिरवलं ते मुंबईकडे. बैलगाडी दिवसाला आठ कोस, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर चालते असं धरा. नागपूर ते मुंबई रेल्वेचं अंतर ८३७ किलोमीटर. सरळ हिशेब केला तरी बैलगाडीला महिन्याहून जास्त दिवस लागणार. रेल्वेने तोच महिना दोन-एक दिवसांवर आणला. आज तोच प्रवास एका रात्रीचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठी बोलणारे बहुतेक सगळे एका राज्यात आले, ही आनंदाचीच गोष्ट होती. पण नागपूरच्या माणसाच्या दृष्टीने बघा. काल जे सचिवालय सायकलवरून जाण्याइतकं जवळ होतं, ते आता ८३७ किलोमीटरवर गेलं. भंडाऱ्याच्या, चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या माणसाला तर त्याहूनही लांब. फाजल अली आयोगाने तर १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा, अशीच शिफारस केली होती.

ही भीती आधीच ओळखून २८ सप्टेंबर १९५३ ला एक करार झाला होता, नागपूर करार. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांच्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे अशी नावं त्यांत आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने प्रभावतीदेवी जकातदार हे एका बाईचंही नाव आहे. करारात विकासाचा पैसा, नोकऱ्या, शिक्षण यांत तिन्ही भागांना न्याय्य वाटा मिळावा असं ठरलं. आणि एक ठळक कलम होतं. सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्कामाला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे होईल.

या कलमाचा अर्थ साध्या भाषेत असा: तुमची राजधानी तुमच्यापासून लांब नेली, तर वर्षातून एकदा आम्ही तुमच्या दारी येऊ. प्रवासाचा खर्च एकट्या रयतेने करायचा नाही, सरकारनेही करायचा. १९६० च्या थंडीत महाराष्ट्राचं पहिलं नागपूर अधिवेशन भरलं. तेव्हापासून मंत्री, अधिकारी, फायलींचे गठ्ठे, कर्मचारी सगळे दरवर्षी नागपूरला उतरतात. मुख्यमंत्र्यांचा मुक्काम ‘रामगिरी’ बंगल्यावर, आणि शेजारच्या बंगल्याचं नाव ‘देवगिरी’. तुघलकाची आठवण ठेवून ठेवलंय असं नाही, पण नाव मात्र तेच!

हंडा आणि तवा

आता हवेकडे वळू. मुंबई आणि नागपूर एकाच राज्यात असूनही दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. कारण आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल. लोखंडी तवा चुलीवर ठेवला की चटकन तापतो आणि उतरवला की चटकन निवतो. पाण्याने भरलेला हंडा मात्र तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. मुंबईच्या शेजारी समुद्र आहे, म्हणजे भला मोठा हंडा. नागपूर चारही बाजूंनी जमिनीत आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, म्हणजे तवा.

म्हणून मे महिन्यात मुंबईचं कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास राहतं. घामाने जीव नकोसा होतो, पण पारा फार चढत नाही. नागपुरात त्याच दिवसांत ४२-४३ अंश ही रोजची गोष्ट. २३ मे २०१३ ला तर तिथे ४७.९ अंश नोंदले गेले. आणि थंडीत? मुंबईच्या डिसेंबरात पंखा लागतो. नागपूरला रात्री पारा १२ अंशांपर्यंत सहज उतरतो, आणि २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर गेला होता. पावसाचं म्हणाल तर मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून बराच जास्त पाऊस पडतो, नागपूरला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण मुंबईचा पाऊस कधी कधी सगळा एकदम येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नागपूरला जवळजवळ वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा.

यावरून कळतं, की नागपूरचं अधिवेशन थंडीतच का. ना घाम, ना चिखल. संत्र्यांचा हंगाम, शेतात ज्वारीचा हुरडा. मुंबईच्या माणसाला याहून सुखाचा काळ नाही. हिवाळी अधिवेशनाला चेष्टेने हुरडा पार्टी म्हणतात ते उगाच नाही. एकदा, २०१८ मध्ये, पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं गेलं, १९७१ नंतर पहिल्यांदाच. ६ जुलैला असा पाऊस कोसळला, की विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबवावं लागलं. पुढच्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन मुंबईलाच झालं.

म्हणजे हवेचा हिशेब बरोबर आहे. पण मैत्रिणींनो, हा हिशेब कुणाच्या हवेचा? अधिवेशनाचं वेळापत्रक आणि आपलं शेताचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन, आणि त्याच दिवसांत विदर्भात कापसाची वेचणी जोरात. भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी. जून-जुलैत मुंबईला पावसाळी अधिवेशन, तेव्हा आपल्याकडे धानाची रोवणी, कोकणात भाताची लावणी. मार्चमध्ये अर्थसंकल्पाचं अधिवेशन, तेव्हा हरभरा-गव्हाची काढणी, आणि जंगलपट्ट्यात मोहफुलं वेचायचे दिवस जवळ आलेले. थोडक्यात, सरकार बोलायला बसतं तेव्हा आपल्या हातात विळा नाहीतर कापसाची ओटी असते. वर्षातले हेच दिवस आपल्याला चार पैसे मिळवून देतात.

तिकिटाचा खरा हिशेब

म्हणून राजधानीला जायचा खर्च फक्त तिकिटाचा धरून चालत नाही. आता तिकीट पूर्वीपेक्षा सोपं झालंय हे खरं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना एसटी फुकट आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याचा शेवटचा टप्पाही जून २०२५ मध्ये खुला झाला. स्वतःची चारचाकी असणारा माणूस टोल भरून एका दिवसात इकडून तिकडे जाऊ शकतो. पण चारचाकी आपल्यातल्या कितीजणींकडे आहे? आपला प्रवास एसटीचा आणि रेल्वेच्या साध्या डब्याचा.

गडचिरोलीच्या एका बाईचा हिशेब मांडू. गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटर. पहाटे निघाली तर दुपारच्या आत पोचेल, रात्री उशिरा परत येईल. एक दिवसाचा रोज बुडाला, अर्धं तिकीट दोन वेळा, आणि बरोबर बांधून घेतलेली भाकर. तीच बाई मुंबईला निघाली तर अंतर हजाराच्या घरात. जायला एक दिवस आणि एक रात्र, यायला तेवढंच, मधे काम झालंच तर एक दिवस. चार दिवसांचा रोज गेला. मुंबईत रात्री टेकायचं कुठे? अंघोळ, संडास, पाणी, सगळ्याला पैसे. घरी मुलं कुणाकडे ठेवायची, गुरांचं कोण करील, म्हाताऱ्या सासूला भाकर कोण देईल? हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो, पण तो आपणच भरतो. पुरुष एकटा निघू शकतो. बाई निघते तेव्हा घराची सगळी व्यवस्था लावूनच निघते.

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही बघायला हवी. सावंतवाडीच्या बाईला मुंबई पाचशे किलोमीटरवर आणि नागपूर हजाराच्या घरात. तिला हिवाळी अधिवेशन म्हणजे दुप्पट लांबचं. म्हणजे राजधानी कुठेही ठेवली तरी कुणाला तरी ती लांब पडणारच. त्यासाठीच तर ती वर्षातून एकदा तरी हलली पाहिजे, असं करार करणाऱ्यांनी ठरवलं होतं.

आता त्या वचनाचं काय झालं ते बघा. सुरुवातीची नागपूरची अधिवेशनं काही आठवडे चालत. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे नागपूरला अधिवेशन झालंच नाही. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर असं दोन आठवड्यांचं होतं. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस. सरकारी लवाजमा हलवायचा खर्च तर सहा दिवसांसाठीही करावाच लागतो आणि वीस दिवसांसाठीही. पण सहा दिवसांत किती गावांचं ऐकून होणार? पाहुणा दारात उभ्या उभ्या चहा पिऊन गेला, तर त्याला मुक्काम म्हणत नाहीत.

पायांनी भरलेलं भाडं

ज्यांच्याकडे तिकिटाला पैसे नसतात, त्या भाडं पायांनी भरतात. आपल्या राज्याचा हा इतिहास बायकांच्या पायांनी लिहिलेला आहे.

२०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून नागपूरला पायी निघाल्या. श्रमिक एल्गार संघटना आणि पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने निघालेला हा मोर्चा दारूबंदीसाठी होता. शंभराहून जास्त किलोमीटर, डिसेंबरची थंडी, रात्रीचा मुक्काम वाटेवरच्या गावांत. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि घरी मार मिळतो, हे त्यांना विधानभवनासमोर सांगायचं होतं. लगेच काही झालं नाही. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. ती बंदी कितपत यशस्वी झाली यावर मतभेद आहेत. पण त्या बायांनी चालून चालून सरकारला विषय घ्यायला लावला, यात शंका नाही.

मार्च २०१८ मध्ये अर्थसंकल्पाचं अधिवेशन मुंबईत चालू होतं. नाशिकहून शेतकरी निघाले, त्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या. जंगलजमिनीचा सातबारा नावावर व्हावा, ही त्यांची मुख्य मागणी. सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर, मार्चच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून. सोललेल्या तळपायांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आणि मुंबईत शिरताना दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून ती माणसं रात्रभर चालून पहाटेच आझाद मैदानावर पोचली. दिवसा रस्ते अडून मुलांना त्रास होऊ नये म्हणून. ज्यांची स्वतःची मुलं गावाकडे होती, त्यांनी शहराच्या मुलांचा विचार केला.

आणि एक दिवस असा आहे, ज्याची आठवण काढल्याशिवाय नागपूरच्या अधिवेशनाबद्दल बोलताच येत नाही. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा नागपूरला आला होता. गाई-गुरं राखणारा हा समाज. अनुसूचित जमातीच्या सवलती आम्हालाही मिळाव्यात, ही त्यांची मागणी. गावोगावहून माणसं आली होती, कडेवर मुलं घेऊन बायका आल्या होत्या. विधानभवन तिथून जवळच होतं. दिवसभर माणसं निवेदन घ्यायला कुणीतरी येईल म्हणून थांबून राहिली. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांचा लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती.

मैत्रिणींनो, हे पुन्हा ऐका. ११४. त्यांच्यासाठी राजधानी त्या दिवशी लांब नव्हती. सरकार नागपूरला आलेलं होतं. हवा चांगली होती. भाडं भरून, रोज बुडवून त्या बाया दारापर्यंत पोचल्या होत्या. राहिलं होतं ते शेवटचं थोडंसं अंतर, आणि ते रयतेने नाही, सरकारने चालायचं होतं. पुढे १९९५ मध्ये या समाजाला विशेष मागास प्रवर्गात घेतलं गेलं. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. नागपुरात त्या शहिदांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. त्या पुलाखालून दरवर्षी नवे मोर्चे जातात.

दार जवळ कसं आणायचं

न्यायालयाचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. नागपूरचं हायकोर्ट गेलं, पण त्याचं खंडपीठ नागपूरला बारा महिने राहिलं. मराठवाड्यासाठी १९८० च्या दशकात संभाजीनगरला खंडपीठ झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. या प्रत्येकामागे लोकांचं एकच म्हणणं होतं: न्यायासाठी मुंबईला खेटे घालणं गरिबाला परवडत नाही. न्यायालय थोडं थोडं का होईना, लोकांकडे सरकलं. सरकारही सरकू शकतं. पण मागितल्याशिवाय कुणी सरकत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? चार गोष्टी सांगते.

पहिली, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती सभा कागदावर नको, खरी घ्या. ठराव लिहून घ्या, त्याची प्रत घ्या. गावात ठराव झालेली मागणी आमदाराला टाळणं जड जातं.

दुसरी, अधिवेशन सुरू झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदाराच्या घरी जा. त्याचं घर मुंबईला नाही, आपल्याच तालुक्यात आहे. आपला प्रश्न एका पानावर लिहून द्या आणि म्हणा, हा तारांकित प्रश्न म्हणून विचारा. अशा प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. अधिवेशन झालं की पुन्हा जा आणि उत्तराची प्रत मागा.

तिसरी, माहितीचा अधिकार. साधा कागद आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. जे विचारायला चार दिवसांचा रोज बुडवून मुंबई गाठावी लागली असती, ते दहा रुपयांत विचारता येतं.

आणि चौथी, जायचंच ठरलं तर गटाने जा, पण सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही. दोघी-तिघींना पाठवा, त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई बाकीच्यांनी वर्गणी काढून द्या, त्यांची मुलं आणि गुरं वाटून घ्या. आपला गट पैशाची बचत करतो, तसा पायांचीही करू शकतो. निघण्याआधी पोलीस परवानगी, थांबायची जागा, पाणी, संडास यांची लेखी चौकशी करा. १९९४ नंतर हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहेच आहे.

तुघलकाने वाटेला झाडं लावली, पण वाट चालणाऱ्यांना विचारलं नाही. इंग्रज गार हवेच्या मागे गेले. आपल्या राज्याने मात्र १९५३ मध्ये कागदावर लिहून दिलं, की आम्ही तुमच्याकडे येऊ. हा कागद आपला आहे. त्यावर एका बाईचीही सही आहे. पुढच्या डिसेंबरात अधिवेशनाच्या बातम्या लागतील तेव्हा आपल्या गटात दोनच प्रश्न विचारा. या वर्षी सरकार किती दिवस राहिलं? आणि त्या दिवसांत आपल्या तालुक्याचा कोणता प्रश्न निघाला? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. दोन-तीन वर्षांची अशी नोंद हातात असली, की आमदारापुढे बोलताना आवाज आपोआप वाढतो.

आजच्यासाठी एवढंच.